विद्याव्यवसाय, विद्यापीठीय : खानदेशातील वाटचाल

विद्यापीठात अथवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात अध्यापन व संशोधन करून उपजीविका करणाऱ्यांचा व्यवसाय. नियुक्तीची रीत, वेतन, सेवेची शाश्वती, अध्यापनाचे तास, बढतीचे निकष आणि संशोधनासाठी मिळणारी सवड ही या व्यवसायाची मुख्य अंगे होत. त्यांपैकी वेतनाची चर्चा सर्वाधिक होते; परंतु विद्येच्या दृष्टीने शेवटचे अंग निर्णायक ठरते. एखाद्या प्रदेशात कोणत्या काळी कोणाला संशोधन करता आले, हे बहुतांशी त्या काळी ही सवड कोण पुरवीत होते यावर अवलंबून असते. खानदेशाच्या म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या इतिहासात याची उदाहरणे स्पष्टपणे दिसतात.

या व्यवसायाचा समाजशास्त्रीय विचार माक्स वेबर (१८६४–१९२०) याच्यापासून ठळकपणे सुरू झाला. म्यूनिक येथे १९१७ मध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने जर्मन विद्यापीठातील नवोदित अध्यापकाची स्थिती वर्णिली. या अध्यापकाला वेतन नसे. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर त्याला राहावे लागे आणि पुढे प्राध्यापकपद मिळणे हे पुष्कळसे दैवाधीन असे. भारतातील या व्यवसायावर एडवर्ड शिल्स यांनी १९६९ मध्ये लेखन केले. फिलिप अल्टबाख यांचा मुंबई विद्यापीठाचा अभ्यास १९७२ मध्ये, तर सुमा चिटणीस व अल्टबाख यांनी संपादिलेला भारतीय अध्यापकवर्गावरील ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासांत महानगरांकडे व विद्यापीठीय विभागांकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. तालुक्याच्या गावी शिकविणारा प्राध्यापक मात्र पुष्कळ काळ कोणाच्या अभ्यासाचा विषय झाला नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, तेव्हा ते केवळ परीक्षा घेणारे व महाविद्यालयांना संलग्नता देणारे विद्यापीठ होते. अध्यापन सरकारी व खाजगी महाविद्यालयांत चाले. सरकारी महाविद्यालयांतील वरिष्ठ पदे प्रायः युरोपीयांकडे जात. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापकपद हंगामी म्हणून सांभाळीत असता, १८७३ मध्ये ते पद पीटर पीटर्सन यांना देण्यात आले. पुढे कीलहॉर्न मायदेशी परतल्यावर भांडारकरांना डेक्कन महाविद्यालयात प्राध्यापकपद लाभले. १८९६ मधील पुनर्रचनेने हा भेद नियमबद्ध झाला : प्रामुख्याने इंग्लंडमध्ये भरती होणारी ‘भारतीय शिक्षणसेवा’ वरची आणि येथे भरती होणारी ‘प्रांतिक सेवा’ खालची. त्यामुळे एकाच महाविद्यालयात तोच विषय शिकविणाऱ्या दोघांच्या वेतनात मोठे अंतर राहू शके.

याला उत्तर म्हणून पुण्यात वेगळी व्यवस्था निर्माण झाली. डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) व तिचे फर्ग्युसन महाविद्यालय (१८८५) ही आजीव सदस्यांच्या बळावर उभी राहिली. सदस्याने वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करावी, असा दंडक होता. हे वेतन पुढे दरमहा ७५ रुपये झाले. आजीव सदस्याने बाहेरचे अर्थार्जन करावे की नाही, या प्रश्नावर टिळक व त्यांचे सहकारी यांच्यात तीव्र मतभेद झाले. टिळकांनी १८९० च्या अखेरीस दिलेल्या राजीनाम्यामागे अन्य कारणांबरोबर हेही एक कारण होते. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये निवृत्त झाले ते दरमहा तीस रुपयांच्या निवृत्तिवेतनावर. रँग्लर परांजपे यांनीही सरकारी नोकरीची वाट सोडून याच संस्थेत काम केले. त्यागाचा हा आदर्श महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांनी दीर्घकाळ मिरविला. त्याची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते : अल्प वेतनातील प्राध्यापकाला संस्थेचे व्यवस्थापन, निधिसंकलन व वसतिगृह हे सर्व सांभाळावे लागे आणि संशोधन त्यातून उरलेल्या वेळात करावे लागे. शिवाय घरची थोडीफार निर्वाहाची सोय असलेल्यालाच हा त्याग परवडे.

खानदेशात १९४५ पूर्वी महाविद्यालयच नव्हते. येथील विद्यार्थी पदवीसाठी पुणे, मुंबई, बडोदे आणि १९२४ नंतर नाशिक येथे जात व बहुधा तिकडेच नोकरीस लागत. तथापि महाविद्यालय नव्हते, म्हणून विद्याव्यवसाय नव्हता असे मात्र नाही. पगारी संशोधनाचा एक आरंभीचा प्रकार गिरणेकाठच्या भडगाव येथे दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने तेथे प्रायोगिक शेती चालविली. तिच्या अधीक्षकाला ठराविक वेतन होते, ठराविक प्रश्न होते आणि दरवर्षी अहवाल द्यावा लागे. ज्ञान हवे होते ते कापसाचे व त्याच्या बाजाराचे. त्यामुळे संशोधनाचा विषय संशोधकाने निवडलेला नव्हता. वेतन देणारा आणि प्रश्न ठरविणारा एकच असला, म्हणजे संशोधनाला कसे वळण लागते, याचा हा नमुना होय.

याच्या अगदी उलट टोकाला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) दिसतात. डेक्कन महाविद्यालयाचे हे पदवीधर काही काळ शिक्षक होते. पण विद्यापीठीय पद त्यांनी कधीच भूषविले नाही. १८९८ पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध केले. त्यांची संख्या बावीस आहे. त्यांसाठी गावोगावची दप्तरे त्यांनी स्वतः हिंडून धुंडाळली. मित्रांचे व हितचिंतकांचे साहाय्य आणि स्वतःच्या गरजा अतिशय कमी ठेवण्याची हिंमत, एवढ्यावर त्यांनी हे काम चालविले. धुळे येथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. मंडळाचे संशोधक हे त्रैमासिक व भास्कर वामन भट यांच्यासारख्या अभ्यासकांचे श्रम यांमुळे धुळे हे इतिहाससंशोधनाचे केंद्र बनले. याच नगरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे रामदासी वाङ्‌मयाच्या संकलनाचे काम आयुष्यभर केले. ते पेशाने वकील होते. जिल्ह्याच्या ठिकाणची वकिली हीच त्या पिढीतील अनेक संशोधकांची शिष्यवृत्ती होती, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

सवड पुरविण्याचा सर्वांत जाणीवपूर्वक प्रयत्न अमळनेर येथे झाला. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ (मोतीलाल माणेकचंद) यांनी १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. निवडक अभ्यासकांना छात्रवृत्ती व राहण्याची सोय देऊन त्यांनी केवळ चिंतन, वाचन व लेखन करावे, अशी ही योजना होती. परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत, नेमलेले अभ्यासक्रम नाहीत. संस्थापकाचा कल अद्वैत वेदान्ताकडे होता व संस्थेच्या कार्यावर त्याची छाया होतीच. तथापि घ. र. मलकानी यांच्या दीर्घ संचालकत्वाखाली येथे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाशीही संवाद चालू राहिला. १९२५ पासून निघणारे फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली हे संस्थेचे इंग्रजी त्रैमासिक भारतातील तत्त्वज्ञांचे महत्त्वाचे व्यासपीठ बनले. मलकानी, रासविहारी दास व टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून लिहिलेला अज्ञान हा ग्रंथ (१९३३) येथील सहवासाचे फळ होय. एकच विषय घेऊन तिघांनी आपापली भूमिका स्वतंत्रपणे मांडावी, ही गोष्ट अध्यापनाच्या घाणीला जुंपलेल्या महाविद्यालयात क्वचितच घडली असती. बंगालच्या सरकारी शिक्षणखात्यात आयुष्य वेचलेले कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३३ ते १९३५ या काळात येथे संचालक होते. त्यानंतर ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकपदी गेले. साने गुरुजीही काही काळ येथे अभ्यासक होते. मात्र त्यांचे मन तेथे रमले नाही. १९२४ मध्ये ते त्याच गावच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी ती नोकरीही त्यांनी सोडली.

तत्त्वज्ञान मंदिराचे बळ आणि दुर्बळता एकाच ठिकाणी होती. अभ्यासकाला विद्यार्थ्यांचे ओझे नव्हते, तसे सेवेचे नियम व निवृत्तिवेतनही नव्हते. सगळा भार एका दात्याच्या औदार्यावर होता. तेथे राहिलेले अनेक अभ्यासक पुढे विद्यापीठांतील पदांकडे वळले, यात नवल नाही. कालांतराने संस्थेचा पुणे विद्यापीठाशी संबंध जुळला. १९७३ पासून पुणे विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग व अमळनेरचे प्रताप तत्त्वज्ञान केंद्र यांच्या सहकार्याने इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली हे नियतकालिक निघू लागले.

जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही १९४५ च्या सुमारास सुरू झाली. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाल्यावर खानदेशातील महाविद्यालये त्याला जोडली गेली. पुढील दोन-तीन दशकांत महाविद्यालये तालुक्यांच्या गावी पोहोचली. प्राध्यापकवर्गाच्या सामाजिक घडणीत यामुळे मोठा पालट झाला : शेतकरी व कारागीर कुटुंबांतील, तसेच दलित व आदिवासी समाजांतील पहिल्या पिढीचे पदवीधर या व्यवसायात आले. आजीव सदस्याचा त्याग त्यांच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे ठरले असते, कारण मागे कुटुंब होते व जमीन थोडी होती अथवा नव्हतीच. त्यांना हवे होते ते नियमित वेतन.

ते मिळण्यास वेळ लागला. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) विद्यापीठीय अध्यापकांसाठी अधिव्याख्यात्यास ३००–६००, प्रपाठकास ६००–९०० व प्राध्यापकास ९००–१,३५० रुपये अशा श्रेणी सुचविल्या. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये स्थापन होऊन १९५६ मध्ये त्याला वैधानिक रूप आले. खाजगी संस्थांतील वेतन मात्र संस्थाचालकांच्या मर्जीवर पुष्कळ अवलंबून राहिले. अध्यापकांच्या संघटना, आंदोलने आणि शासनाचे वेतन-अनुदान यांमुळेच ही स्थिती पालटली. १ जानेवारी १९७३ पासूनच्या श्रेणीत अधिव्याख्यात्यास ७००–१,६०० आणि १९८६ पासूनच्या श्रेणीत २,२००–४,००० रुपये मिळू लागले. याच काळात अध्यापकांना पीएच्.डी.साठी पूर्ण वेळ रजा व छात्रवृत्ती देणारी आयोगाची योजनाही आली. खानदेशातील अनेक प्राध्यापकांचे प्रबंध त्या रजेतच पुरे झाले. तोवर ग्रंथालयासाठी पुण्यास जायचे, तर दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी एवढाच काळ हाती असे.

नियुक्तीसाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा १९८९ मध्ये सुरू झाली व सप्टेंबर १९९१ मध्ये ती आवश्यक ठरली. महाराष्ट्राची ‘सेट’ परीक्षा १९९५ पासून होऊ लागली. मधल्या काळात ही अट पुरी न करता नेमल्या गेलेल्या अध्यापकांचा प्रश्न दोन दशके लोंबकळत राहिला. तो आणि सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी या मागण्यांसाठी महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. आंदोलनाने विद्यार्थ्यांची गैरसोय झाली हे खरे. परंतु वीस वर्षे शिकविल्यावरही आपली सेवा नियमित की अनियमित हे न कळणे, ही अवस्थाही साधी नव्हे.

जळगाव येथे १५ ऑगस्ट १९८९ रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या कवयित्रीचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ होय. विद्यापीठ जवळ आल्याने मार्गदर्शक, ग्रंथालय व प्रयोगशाळा खानदेशातच मिळू लागल्या. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, पारोळा यांसारख्या गावच्या प्राध्यापकाला पुण्याची वारी चुकली.

नव्या अडचणी निराळ्या आहेत. आयोगाच्या २०१० च्या विनियमांनुसार अध्यापकाला आठवड्याला चाळीस तासांचे काम असून साहाय्यक प्राध्यापकाने त्यांतील सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. त्याच विनियमांनी संशोधनाला गुणांक देऊन ते बढतीशी जोडले. पदव्युत्तर वर्ग नसलेल्या, एका विषयास एक-दोनच अध्यापक असलेल्या महाविद्यालयातही तोच गुणांक लागू झाला. परिणामी पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांना ऊत आला. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या मान्य सूचीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. तिच्या जागी आलेली ‘केअर’ सूचीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली. महाविद्यालयीन अध्यापकांसाठीची गुणांकपद्धती २०१८ च्या विनियमांनी सौम्य केली आहे.

याहून गंभीर प्रश्न तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये पदभरतीवर निर्बंध घातले. २०१८ मध्ये रिक्त पदांपैकी ४० टक्के आणि २०२१ मध्ये साहाय्यक प्राध्यापकांची २,०८८ पदे भरण्यास अनुमती दिली. दरम्यान रिकाम्या जागांचे अध्यापन तासाच्या हिशोबाने मानधन घेणाऱ्यांवर पडले. त्यांच्यापैकी पुष्कळांजवळ पीएच्.डी. वा ‘नेट’-‘सेट’ असते. सुटीचे वेतन नाही, पुढील वर्षीच्या नेमणुकीची हमी नाही आणि प्रबंधलेखनासाठी रजा मिळण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. वेबरने वर्णिलेल्या जर्मन अध्यापकाशी त्यांचे साम्य उघड आहे. फरक इतकाच, की त्या अध्यापकाला वर्गात काय शिकवावे हे स्वतः ठरविता येत असे. नियमित पदावर आलेल्यांतही १ नोव्हेंबर २००५ पूर्वी व नंतर नेमलेले असा भेद आहे, कारण नंतरच्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील दप्तरे मोडी लिपीत आहेत. मोडी शिकून अशा साधनांत वर्षानुवर्षे बुडून राहण्याचे काम एका शैक्षणिक वर्षाच्या नेमणुकीत बसत नाही.