बाद गड्याचे परतणे : हुतूतूच्या इतिहासातील काही क्षण



खेळाचा इतिहास सांगू लागले की माणसे बहुधा विजयांची यादी वाचतात. कोणी कोणाला किती गुणांनी हरविले, कोणते पदक कोणत्या साली आले, कोणी कोणाच्या घोट्याला धरून त्याला रेषेवर आडवा केला. ती यादी थोडीशी मीही वाचणार आहे, कारण ती ऐकावयास गोड लागते. परंतु माझी हयात यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि विडी कारखान्याच्या दारात नियमांवर भांडण्यात गेली. त्यामुळे कोणताही खेळ पाहिला की माझ्या मनात आधी तीन प्रश्न उभे राहतात. याचे नियम कोणी केले? ते कागदावर केव्हा आले? आणि पडलेल्या माणसाची त्यांत काय सोय आहे? हे तीन प्रश्न हाती घेऊन आपण आज आपल्या मातीतल्या हुतूतूकडे पाहू.

या खेळाला नावे पुष्कळ. महाराष्ट्रात हुतूतू, आपल्या पूर्व भागातले तेलुगू बांधव त्याला चेडुगुडू म्हणतात, तमिळ मुलखात तो सडुगुडू होतो, बंगालात हाडूडू, आणि उत्तरेत कबड्डी. नावे जितकी, तितक्याच रीती. गडी किती असावेत, मैदान केवढे असावे, दम सुटला हे ठरवावयाचे कोणी, रेषेबाहेर पाय पडला तर काय करावयाचे, या प्रत्येक गोष्टीला गल्लीगणिक निराळे उत्तर असे. गल्लीत खेळताना त्याने बिघडत नाही. पण दोन गावांचे संघ समोरासमोर आले की खेळ कमी आणि भांडण जास्त. ज्याच्या मैदानावर सामना, त्याचा नियम! कारखान्यात तोंडी कबुलीवर काम करणाऱ्या माणसाला हे निराळे समजावून सांगावयास नको. लिहिलेला नियम नसला की दांडग्याचे म्हणणे हाच नियम ठरतो.

या अनेक रीतींतून तीन मुख्य प्रकार पुढे आले. त्यांची नावे मोठी अर्थपूर्ण आहेत : अमर, गामिनी आणि संजीवनी. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नाही. प्रतिपक्षाला गुण मिळतो आणि खेळ चालू राहतो. गामिनीत उलट. जो बाद झाला तो बाहेर गेला; त्याची सारी बाजू बाद होऊन नवा डाव मांडला जाईपर्यंत त्याने कडेला बसून राहावयाचे. संजीवनी ही या दोहोंमधली वाट. गडी बाद झाला की बाहेर जातो खरा. पण त्याच्या एखाद्या सोबत्याने प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की बाहेर बसलेल्यांपैकी एकजण ‘जिवंत’ होऊन आत येतो.

आता या तिहींतला फरक पाहा. अमर प्रकारात चुकीची झळ गड्याला लागत नाही, म्हणून खेळाला धार राहत नाही. गामिनीत झळ अशी लागते की एका पकडीत माणूस कामातून जातो. संजीवनीत झळही आहे आणि आशाही आहे. शिवाय ती आशा कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. आत उरलेल्या सोबत्याच्या कर्तबगारीवर आहे. पुढे अखिल भारतीय कबड्डीच्या नियमांत हाच प्रकार रुजला आणि आज आशिया खंडभर तोच खेळला जातो. या खेळाच्या इतिहासातली सर्वांत थोर गोष्ट कोणती, असे मला विचाराल तर मी कोणत्याही पदकाचे नाव न घेता ही निवड सांगेन.

नियम कागदावर आणण्याचे काम महाराष्ट्राने केले. १९१८ साली साताऱ्याच्या क्रीडाप्रेमी मंडळींनी या खेळाला नियमांची चौकट घातली. १९२३ मध्ये नियम छापून निघाले आणि त्याच वर्षी बडोद्याला हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय सामने भरविले. हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. छापील कागद हाती असला की सांगलीचा गडी बडोद्याच्या पंचाला विचारू शकतो, ‘हे कोठे लिहिले आहे ते दाखवा.’ ज्याला असे विचारण्याचा हक्क आहे, तो परक्या मैदानावरही परका राहत नाही.

हे आपल्याकडेच घडले असे मात्र नाही. अमेरिका आणि कॅनडा या देशांतला फुटबॉल घ्या. नाव फुटबॉल असले तरी त्यात पायापेक्षा हाताचे काम अधिक. चेंडू पोटाशी धरून प्रतिपक्षाच्या मुलखात घुसावयाचे, आणि समोरच्यांनी त्याला पकडून आडवा करावयाचा. आपल्या चढाई-पकडीचा हा लांबचा भाऊच म्हणा ना! ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत सामना झाला, तेथून अमेरिकेतील लोक या खेळाचा इतिहास मोजतात. त्या दिवशी एकेका बाजूला २५ गडी होते, आणि रटगर्सने ६ विरुद्ध ४ असा विजय मिळविला. मे १८७४ मध्ये कॅनडातील माँट्रिअलचे मॅकगिल विद्यापीठ हार्वर्डशी खेळावयास आले, तेव्हा दोघांचे नियमच निराळे निघाले. मग तोड अशी काढली की एक दिवस यजमानांच्या नियमांनी खेळावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या. पहिला सामना हार्वर्डने जिंकला, दुसरा बरोबरीत सुटला. पण गंमत अशी की हार्वर्डच्या मुलांना पाहुण्यांचाच खेळ आवडला, आणि अमेरिकेच्या फुटबॉलने तेथून वळण घेतले. आजही कॅनडात एका बाजूला १२ गडी आणि अमेरिकेत ११. कॅनडात दहा यार्ड पुढे सरकावयास तीन संधी, तर अमेरिकेत चार.

या ‘संधीं’च्या नियमामागेही एक कहाणी आहे. १८८१ साली येल आणि प्रिन्स्टन यांच्या सामन्यात दोन्ही बाजूंनी चेंडू नुसता धरून ठेवला. अर्धा वेळ एकाने, अर्धा वेळ दुसऱ्याने. पुढे कोणी सरकेना, गुणही कोणाला मिळेना. प्रेक्षक वैतागले. म्हणून १८८२ मध्ये वॉल्टर कँप यांच्या पुढाकाराने नियम झाला, की तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा. आपल्याकडे अलीकडच्या काळात लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवा नाहीतर बाद व्हा, असा नियम आला, तो याच जातीचा. पुढे १९०५ साली त्या फुटबॉलमध्ये इतके तरुण प्राणास मुकले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या कॉलेजांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. १९०६ मध्ये नियम बदलले, आणि चेंडू हाताने पुढे फेकण्यास मुभा मिळाली. आज त्या खेळाची जी शान म्हणून सांगतात ती लांब फेक, तिचा जन्म असा खेळाडूंचे जीव वाचविण्याच्या खटपटीत झाला आहे.

परत आपल्या मैदानावर येऊ. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची आणि खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्यांत हुतूतूही होता. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्याला स्थान मिळाले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी संघटना उभी राहिली, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९५५ मध्ये कलकत्त्यास स्त्रियांची. स्त्रियांना तीन वर्षे थांबावे लागले. एशियाडच्या मैदानात यावयास मात्र त्यांना पुरुषांनंतर वीस वर्षे लागली. पुरुषांची कबड्डी तेथे १९९० साली बीजिंगला आली, स्त्रियांची २०१० साली ग्वांगझूला. दोन्ही वेळा पहिले सुवर्णपदक भारतानेच घेतले. २०१२ मध्ये पाटण्याला स्त्रियांचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ या आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या.

या सगळ्या वाटचालीत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. संघटना बांधणे, नियम एक करणे, शेजारच्या देशांना या खेळात आणणे, यात त्यांनी आयुष्य घातले; त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. संघटना बांधणे म्हणजे काय असते हे मला ठाऊक आहे. सभेला टाळ्या मिळतात. पण पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरताना कोणी टाळ्या वाजवीत नाही.

आता दोन अलीकडचे क्षण सांगतो. पहिला पराभवाचा आहे. १९९० पासून २०१४ पर्यंत एशियाडची सात सुवर्णपदके आपल्या पुरुष संघाने ओळीने घेतली. २०१८ मध्ये जकार्त्याला दक्षिण कोरियाने आपल्याला एका गुणाने हरविले, आणि उपांत्य सामन्यात इराणने २७ विरुद्ध १८ असे गारद केले. स्त्रियांच्या अंतिम सामन्यातही इराणनेच २७ विरुद्ध २४ असा विजय मिळविला. आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षिका कोण होत्या? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! त्या दिवशी अनेकांना वाईट वाटले, मला अभिमान वाटला. विद्या दिली की ती शिष्याची होते. आपला खेळ दुसऱ्याने आपल्याहून चांगला खेळून दाखवावा, याहून मोठा सन्मान त्या खेळाला कोणता?

दुसरा क्षण ७ ऑक्टोबर २०२३ चा, चीनमधील हांगझौ शहरातला. पुन्हा भारत आणि इराण, पुन्हा अंतिम सामना. गुण २८–२८, आणि वेळ संपत आलेली. पवन सेहरावत चढाईस गेला. कोणाला स्पर्श न होताच तो कडेच्या राखीव पट्ट्यात गेला, आणि त्याच्या मागोमाग इराणचे गडीही त्या पट्ट्यात उतरले. आता बाद कोण? एकटा पवन, की मागे धावलेले सगळेच? एका नियमाप्रमाणे एक उत्तर, दुसऱ्याप्रमाणे दुसरे. पंचांनी निर्णय दिला, फिरविला, पुन्हा फिरविला; दोन्ही संघ मैदानावर बसून राहिले. सुमारे तासभर खेळ थांबला. १९६२ साली कॅनडातील ग्रे कपचा अंतिम सामना टोरांटोत असाच थांबला होता. पण तेथे दाट धुके उतरल्याने चेंडू दिसेना, म्हणून उरलेली साडेनऊ मिनिटे दुसऱ्या दिवशी खेळविली. हांगझौला धुके नियमांतच होते. अखेरीस निर्णय आपल्या बाजूने लागला आणि भारताने ३३ विरुद्ध २९ असा सामना जिंकला. पदक आपल्याला मिळाले याचा आनंद आहेच. पण साताऱ्याच्या मंडळींनी १९१८ मध्ये जे काम हाती घेतले ते शंभर वर्षांनंतरही संपलेले नाही, हेही त्या तासाने दाखविले.

शेवटी माझ्या धंद्यातला प्रश्न. एके काळी मुंबईत लालबाग-परळच्या गल्ल्यांतला पोरगा संध्याकाळी मंडळाकडून खेळे, आणि खेळ चांगला असला तर रेल्वेत, बँकेत, पोलिसात किंवा एखाद्या कंपनीत त्याला नोकरी मिळे. गुडघा गेला तरी पगार आणि भविष्यनिर्वाह निधी जात नसे. २०१४ साली व्यावसायिक लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती; २०२३ मध्ये ती अडीच कोटींच्या पुढे गेली. मातीत खेळणाऱ्या पोराच्या हाती पैसा आला, याचे मी मनापासून स्वागत करतो. पण लिलाव हा करार आहे, नोकरी नव्हे. ज्याच्यावर बोली लागत नाही, ज्याचा गुडघा पहिल्याच हंगामात निकामी होतो, त्याला ‘जिवंत’ कोण करणार?

अमेरिकेच्या फुटबॉलपटूंना हा प्रश्न आपल्या आधी पडला. १९५६ मध्ये त्यांनी आपली संघटना बांधली. १९८२ साली, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांचा भोंगा बंद होता त्याच वर्षी, त्यांनी ५७ दिवस संप केला. १९८७ मध्ये ते पुन्हा बाहेर पडले, तेव्हा मालकांनी बदली गडी मैदानात उतरवून तीन आठवडे सामने चालविले. बदलीचा अर्थ सोलापूरकरांना सांगावयास नको! २४ दिवसांनी खेळाडू हात हलवीत परत गेले. लोकांना वाटले, संपले. पण ते कोर्टात लढत राहिले, आणि १९९३ च्या करारात करार संपलेल्या खेळाडूला आपला संघ स्वतः निवडण्याचा हक्क त्यांनी मिळविला. ज्यांनी १९८७ मध्ये मार खाल्ला, त्यांच्यातल्या अनेकांची कारकीर्द तोवर संपली होती. गुण त्यांनी मिळविला आणि मैदानात परतले त्यांच्या मागून आलेले.

आपल्या गिरण्यांचे भोंगे आज गप्प आहेत. त्या कामगारांची नातवंडे यंत्रमागावर आहेत, गोदामांत आहेत, दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचवीत आहेत. त्यांच्यातला बाद झालेला माणूस गामिनीच्या गड्यासारखा कडेला बसून राहावयाचा, की संजीवनीच्या गड्यासारखा परत यावयाचा, हे नियम ठरवितात. आणि ते नियम आत उरलेल्या माणसांनी भांडून, लिहून, छापून घ्यावयाचे असतात. एवढे त्या जुन्या मंडळींनी एका खेळापुरते करून दाखविले. पुढची चढाई आपली आहे.