दीड सेंटिमीटरचं नाणं आणि भिंतीवरचा लेख: फोटो काढायचा कसा?

आजचा विषय आहे इतिहासाचा पुरावा कॅमेऱ्यात पकडण्याचा. उदाहरण आपल्या नाशिकचंच.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,०००हून जास्त नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. म्हणजे हरलेल्याच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचा शिक्का! कोण आधी, कोण नंतर, हे त्यावरून कळतं.

पण नाणं जेमतेम दीड सेंटिमीटरचं. मी आधी फ्लॅश बंद करते. समोरून उजेड पडला की चांदी चकाकते, सगळं सपाट दिसतं आणि खालचा नहपान गायब. उजेड बाजूने, तिरका पाडायचा. मग दोन्ही छाप सुटे दिसतात. एकाच बाजूच्या सावलीने कधी खळगा उठावासारखा भासतो, म्हणून नाणं जागेवर ठेवून दिवा फिरवायचा आणि तीन-चार फोटो घ्यायचे. मोबाइल फार जवळ नेलात तर त्याचीच सावली पडते. थोडं मागे या, झूम करा. मोबाइल नाण्याला समांतर धरा, नाहीतर एक कड धूसर येणार.

आता चला पांडवलेण्यांत. लेणं क्रमांक ३ च्या व्हरांड्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. तोही याच विजयाबद्दल बोलतो. इथे अडचण उलटी. भिंत हलत नाही, मागे सरकायला जागा कमी, बाहेर लख्ख ऊन आणि आत काळोख. वाइड लेन्सने सगळं एकदम घ्यायला गेलं की कडेची अक्षरं ताणली जातात. म्हणून भिंतीला समांतर सरकत तुकड्यातुकड्याने फोटो काढायचे. प्रत्येकात आधीच्या फोटोचा निदान तिसरा हिस्सा यायला हवा, म्हणजे नंतर नीट जोडता येतात.

आणि पट्टी विसरू नका! स्क्रीनवर नाणं आणि भिंत सारखीच मोठी दिसतात. नाण्याशेजारची पट्टी नाण्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या उंचीवर ठेवा. खाली राहिली तर माप चुकतं.

एवढा खटाटोप कशासाठी? साठे फुटतात, नाणी ठिकठिकाणी विखुरतात. उद्या एखाद्याच्या हाती फक्त फोटो असेल, आणि कुठला छाप वर आहे हे त्याला त्यावरूनच ठरवायचं असेल.

भेटू पुढच्या भागात!