गुठळी की रक्तस्राव?

१८ डिसेंबर २००५, संध्याकाळ. जेरुसलेम. इस्रायलचे पंतप्रधान अ‍ॅरिएल शेरॉन यांचं बोलणं अडखळू लागतं. वय ७७, वजन भरपूर. त्यांना हदासा रुग्णालयात हलवतात. मेंदूत छोटी गुठळी अडकलेली असते. झटका सौम्य.

२० डिसेंबर. घरी सोडलं. मार्चमध्ये निवडणूक, पक्ष नवा कोरा. स्वस्थ बसणार कोण?

त्यानंतरचा पंधरवडा. गुठळी हृदयातल्या बारीक छिद्रातून आली असावी, असा डॉक्टरांचा कयास. ५ जानेवारीला कॅथेटर घालून ते बुजवायचं ठरतं. तोवर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू.

पण मेंदूत आणखी एक दुखणं होतं. म्हातारपणी काहींच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि त्या ठिसूळ होतात. साध्या सीटीत हे सहसा कळत नाही. एमआरआयच्या एका विशिष्ट पद्धतीत मात्र जुन्या, न जाणवलेल्या रक्तस्रावांचे काळे ठिपके उमटतात, बहुधा मेंदूच्या बाहेरच्या भागात. शेरॉन यांचा हा आजार डिसेंबरातच लक्षात आला होता, असं हदासाच्या संचालकांनी पुढे सांगितलं. म्हणजे रक्त पातळ केलं नाही तर गुठळीची भीती, केलं तर रक्तस्रावाची. डॉक्टरांवर नंतर भरपूर टीका झाली. ती करणाऱ्यांना निकाल आधीच ठाऊक होता, एवढं तरी लक्षात घ्यायला हवं.

४ जानेवारी २००६, रात्र. नेगेवमधलं शेरॉन यांचं शेत. प्रक्रियेला एकच रात्र उरलेली, आणि त्यांना बरं वाटेनासं होतं. बीरशेबाचं सोरोका रुग्णालय जवळ, तरी रुग्णवाहिका जेरुसलेमच्या रस्त्याला लागते. हा निर्णय मला आजही पटत नाही.

रात्री ११ च्या सुमारास. हदासा. सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं, त्यासाठी तज्ज्ञाचीही गरज लागत नाही. मेंदूत मोठा रक्तस्राव. पंतप्रधानपदाचे अधिकार एहूद ओल्मर्ट यांच्याकडे जातात.

मध्यरात्र ते सकाळ. कवटी उघडून शस्त्रक्रिया. पुन्हा सीटी, पुन्हा रक्त, पुन्हा शस्त्रक्रिया.

५ जानेवारी, सकाळ. रक्तस्राव आटोक्यात. हृदयाचं छिद्र बुजवायचं होतं तो हाच दिवस.

६ जानेवारी. तिसरी शस्त्रक्रिया. शुद्ध परत येत नाही.

जानेवारी २०१३. सात वर्षं उलटलेली. आता सोरोकामध्येच त्यांचा फंक्शनल एमआरआय होतो. कुटुंबाचे फोटो दाखवतात, मुलाचा आवाज ऐकवतात. मेंदूचे संबंधित भाग प्रतिसाद देतात. शुद्धीची चिन्हं मात्र अगदी क्षीण, असं संशोधक सांगतात. पाहणं-ऐकणं मेंदूपर्यंत पोचत होतं. ते शेरॉन यांना कळत होतं का, हे ते चित्र सांगू शकलं नाही.

११ जानेवारी २०१४. मूत्रपिंडं निकामी होऊन, वयाच्या ८५ व्या वर्षी निधन.