कुलूप, आकडा आणि कलम १२२

माझं आजोळ कनेरगाव नाका. हिंगोलीहून वाशीमला जाताना हिंगोली जिल्हा संपता संपता लागतं ते. एसटी तिथे थांबते, लोक चहा पितात आणि बस पुढे विदर्भात जाते. १९४८ पर्यंत ही नुसती जिल्ह्याची हद्द नव्हती. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान आणि पलीकडे १९४७ पर्यंत इंग्रजांच्या कारभाराखाली असलेला वऱ्हाड. निजामाची जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणत. इकडचा माल तिकडे न्यायचा तर गाठोडं सोडून दाखवावं लागे.

गाठोडं सोडून दाखवणं हे जरा लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

मी शाळेत असताना मामाच्या धान्याच्या खोलीची किल्ली हरवली. जुनं अलीगढी कुलूप, चांगलं वजनदार. बाजाराच्या दिवशी एक चावीवाला आला होता, त्याला बोलावलं. त्याच्याकडे वाकवलेल्या तारांचा एक जुडगा होता. तारा त्यानेच कानशीने घासलेल्या. एक तार खाली दाबून धरली, दुसरी आत फिरवली आणि माझा पेरू खाऊन व्हायच्या आत कुलूप उघडलं. मी तर खलास! मामाने पैसे दिले. तो फाटकाबाहेर पडला तशी मामी म्हणाली, "आता कुलूप बदला बरं. त्यानं घर पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी नवं कुलूप आलं. त्या माणसाचं नाव कुणीच विचारलं नव्हतं.

पुढे कॉम्प्युटर शिकलो, पुण्यात नोकरी लागली आणि १९९१ साली एमआयटीच्या विद्यार्थ्यांमध्ये लिहिली गेलेली कुलपं उघडण्याची मार्गदर्शिका हाती पडली. ती वाचताना तो जुडगा आठवला आणि मी आकडे बनवायला बसलो. साहित्य अगदी घरातलं. हॅकसॉचं तुटलेलं पातं, जुन्या वायपरच्या रबरातली पोलादी पट्टी आणि एक बारीक कानस. घासताना पट्टी सारखी पाण्यात बुडवायची, नाहीतर ती तापते, पोलादाचं पाणी उतरतं आणि आकडा कुलपात वाकतो. (पहिले तीन वाकले.) कुलूप उघडतं याचं कारण साधं आहे. आतल्या पिना किंवा लिव्हर कागदावर एका रेषेत असतात, प्रत्यक्षात केसभर इकडेतिकडे. म्हणून ताण दिला की सगळ्या एकदम अडत नाहीत, एकेक अडते. जी अडली ती उचलायची, मग पुढची. म्हणजे कुलपाचं गुपित बनवणाऱ्याच्या अपरिहार्य चुकांत असतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको :)

या छंदाचे दोन नियम जगभर पाळतात. कुलूप स्वतःचं हवं आणि ते वापरात नको. जर्मनीत १९९७ पासून याचा रीतसर क्लब आहे, स्पर्धाही होतात.

पण सगळ्यात गाजलेली स्पर्धा दीडशे वर्षांहून जुनी. जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने १७९० साली लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलं. सोबत पाटी. हे कुलूप उघडणारं हत्यार जो बनवील त्याला दोनशे गिनी. शब्द नीट बघा, बक्षीस हत्यार *बनवण्याला* होतं. ते कुलूप ६१ वर्षं तसंच लटकलं. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन लंडनला आला. आधी त्याने चब कंपनीचं 'डिटेक्टर' कुलूप २५ मिनिटांत उघडलं. कुणी छेडछाड केली तर हे कुलूप अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं, अशी त्याची ख्याती. मग ब्रामाच्या कुलपाला हात घातला. स्वतःची हत्यारं बनवून, सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून ते उघडलं. थोडी वादावादी झाली, पण दोनशे गिनी मिळाल्या.

इंग्लंडात मोठी खळबळ उडाली. असल्या गोष्टी उघड केल्या तर चोरांचं फावेल, असा ओरडा झाला. १८५३ साली हॉब्जच्या नावाने कुलपांवरचं पुस्तक निघालं, त्यात याला उत्तर आहे. मुद्दा असा की चोर आपल्या धंद्यात तरबेजच असतात, त्यांना हे आधीपासून ठाऊक असतं. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा साधा माणूस. तीस वर्षांनी, १८८३ साली, केर्कहॉफ्सने सांकेतिक लिपीबद्दल जवळपास हेच सांगितलं. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. आज आपण बँकेचं पान उघडतो ते याच तत्त्वाच्या भरवशावर.

आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. तीही याच परंपरेतली. आधीचं कुलूप कसं उघडतं हे कळल्याशिवाय पुढचं चांगलं कुलूप बनत नाही.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता दुसरी बाजू.

हॉब्जला बक्षीस मिळालं त्याच साम्राज्याने वीस वर्षांनी, १८७१ साली, हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेत होता, १९११ साली सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर. माणसाने काय केलं हे बघायचंच नाही, तो कुठल्या जमातीत जन्मला ते बघायचं. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास दाखवा. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. लोकांच्या डोक्यातून तो गेला का, हे मामीचं वाक्य आठवून ठरवा. मामी वाईट नव्हती हो. ती जे बोलली ते त्या गावातलं कुठलंही घर बोललं असतं.

आणि १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, २०१२ पासून महाराष्ट्र पोलीस कायदा. त्याचं कलम १२२ सांगतं की सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, संशयास्पद परिस्थितीत, योग्य कारणाशिवाय कुणाकडे घरफोडीचं हत्यार सापडलं तर तो गुन्हा. कारण योग्य होतं हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावर. रात्री घरफोड्या होतात, पोलिसांना काहीतरी अधिकार लागणारच, हे मला पटतं. पण 'संशयास्पद' हा शब्द कुणाला किती लवकर चिकटतो हा खरा प्रश्न.

माझ्या टेबलावरचे आकडे बघून ऑफिसातले मित्र म्हणतात, "भारीये! मलाही शिकव." ही तीच हत्यारं, तीच कानस, तोच ताण. उलट त्या चावीवाल्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी हलका होता. माझं ते कौतुक आणि त्याचं कौशल्य म्हणजे घर पाहिल्याचा पुरावा! हॉब्ज म्हणाला होता तसं ज्ञान लपवून चोर थांबत नाहीत. त्यात मी एवढीच भर घालीन की ज्ञान कुणाच्या हातात दिसतं, त्यावर आपण त्याला छंद म्हणायचं की गुन्हा ते ठरवतो.

गेल्या दिवाळीत आजोळी निघालो. बस रात्रीची. मामाला करामत दाखवावी म्हणून आकडे सॅकमध्ये टाकले आणि कलम १२२ आठवून क्षणभर थांबलो. मग वाटलं, कुणी विचारलंच तर कंपनीचं ओळखपत्र दाखवू, हसून सांगू, सुटू. हा विचार आला आणि मला माझीच जरा लाज वाटली. नाक्यावर गाठोडं सोडून दाखवायची वेळ माझ्यावर येत नाही, आणि त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

आकडे घेऊन गेलो. मामाच्या माळ्यावर ते जुनं अलीगढी कुलूप अजून होतं, गंजलेलं. दुपारभर खटपट केली. नाही उघडलं.