फाटकाबाहेरचा दरारा

१ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एक छोटेखानी समारंभ झाला. अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे एमआयडीसीचा, जन्म त्या दिवशी झाला. पुढे इथे क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते, त्यांच्या दुतर्फा कारखाने आणि शेजारी किसननगरसारख्या कामगारवस्त्या असं नवं गाव उभं राहिलं. या गावाला चावडी नव्हती. ते काम कारखान्यांच्या फाटकांनी केलं. पाळी बदलताना सुटणारे आणि कामावर येणारे कामगार एकाच वेळी तिथे असत, आवारात सभेला मुभा नसे, म्हणून पुढारी फाटकाबाहेर बोलत. गेट मीटिंग ही ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यातली खरी राजकीय सभा होती.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकेक धमकी उभी असे. आत टाळेबंदीची आणि बडतर्फीची, बाहेर काम बंद पाडण्याची. कोणाला कोणाचा धाक वाटायचा, आणि कशामुळे?

हाच प्रश्न काल्पनिक दुनियेतले साहसी खेळ खेळणारे लोक गेली कित्येक वर्षं टेबलाभोवती बसून लढवत आहेत. जानेवारी १९७४मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि करिष्मा. तीन फासे टाकायचे, बेरीज येईल तो त्या गुणाचा आकडा. सुरुवातीच्या नियमांत करिष्म्याचं काम मर्यादित होतं. पात्राला किती अनुयायी मिळतील आणि ते किती निष्ठेने टिकतील, हे त्यावर ठरे. धमकावण्यासाठी वेगळं कौशल्य नव्हतं. भीतीचा हिशेब भिणाऱ्याच्या खात्यात मांडलेला असे. १९८१च्या प्राथमिक संचात प्रत्येक राक्षसाला धैर्याचा आकडा होता. टोळीतला पहिला गडी पडला, किंवा निम्मी टोळी गारद झाली, की दोन फासे टाकायचे. बेरीज धैर्यापेक्षा जास्त आली, की टोळी माघार घेई किंवा शरण येई.

२०००मध्ये खेळाची तिसरी आवृत्ती आली आणि धमकावणं हे रीतसर कौशल्य झालं. त्याची गाठ मारली गेली करिष्म्याशी. परिणामी, झाड उपटू शकणारा पण चार शब्द धड न बोलणारा रानदांडगा योद्धा शत्रूला घाबरवण्यात एखाद्या किरकोळ अंगाच्या भाटापेक्षा कच्चा ठरू लागला. खेळाडूंना हे पटेना. २००९च्या ‘पाथफाइंडर’ने तोड काढली: खास कसब घेतलेल्या पात्राला करिष्म्यात ताकदीची भर घालता येईल. २०१४ला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीने पर्यायी नियम दिला, की प्रसंग तसा असेल तर खेळ चालवणाऱ्याने करिष्म्याऐवजी ताकदीवर फासा मागावा. वाद मिटला नाही, कारण दोन्ही बाजूंनी धाक हा धमकावणाऱ्याच्या अंगचा गुण मानला होता.

ठाणे जिल्ह्याचा इतिहास या समजुतीला जागोजागी छेद देतो. खेळ निघाला त्याच १९७४च्या ८ मे रोजी देशभर रेल्वे संप सुरू झाला. नेते जॉर्ज फर्नांडिस. करिष्म्यात त्यांचा हात धरणारा कामगारनेता त्या काळी क्वचितच होता, आणि संपात उतरलेल्यांची संख्या सुमारे १७ लाख सांगितली जाते. तरीही वीस दिवसांत, २७ मे रोजी, संप मागे घ्यावा लागला. सरकारने फर्नांडिसांना आधीच, २ मे रोजी, अटक केली होती. मग हजारोंची धरपकड झाली, नोकऱ्या गेल्या, रेल्वेच्या क्वार्टर्समधून कुटुंबांना बाहेर काढण्यापर्यंत मजल गेली. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर एकाच मालकाच्या हाती होतं. समोर इतका करिष्मा आणि इतकी माणसं असूनही सरकार डगमगलं नाही, कारण वार परतवण्याची त्याची ताकद याहून मोठी होती.

दुसरं उदाहरण डॉ. दत्ता सामंत यांचं. सिंधुदुर्गातल्या देवबागचा हा माणूस घाटकोपरला डॉक्टरकी करायचा. रुग्ण म्हणून येणाऱ्या खाणकामगारांचे हाल पाहून तो संघटनेत उतरला. सत्तरच्या दशकात मुंबई, ठाणे आणि बेलापूरच्या पट्ट्यातल्या अभियांत्रिकी कारखान्यांत त्यांच्या संघटना झपाट्याने पसरल्या. कंपनीचा ताळेबंद पाहून मागणी ठरवणं त्यांना मान्य नव्हतं. मागणी मोठी ठेवायची आणि दीर्घकाळ लढायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या संघटनांवर हिंसाचाराचे आरोपही सतत झाले. तरी मारामारीच्या भीतीपेक्षा मालकांना मोठी भीती होती ती यंत्रं बंद पडण्याची. हातात ऑर्डर होत्या, नफा होता, आणि उत्पादन थांबलं की नुकसान रोज वाढत जाई. डॉक्टर सांगतील तितके दिवस कामगार बाहेर राहतील, याची मालकांना खात्री होती. या खात्रीतून पगारवाढीचे करार झाले.

१९८१च्या दिवाळीत बोनसवर नाराज झालेले गिरणी कामगार त्यांच्या दारी आले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार आणि साठच्या आसपास गिरण्या. पुढारी तोच, रीत तीच, गर्दी तर पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी. फरक होता तो समोरच्या बाजूला. गिरण्यांकडे न विकलेल्या कापडाचा साठा पडून होता. ठाणे जिल्ह्यातल्याच भिवंडीचे यंत्रमाग धडधडत होते आणि बाजाराला कापड पुरवत होते. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती, त्यामुळे सामंतांशी बोलणी करण्याचं बंधन मालकांवर नव्हतं. गिरणी बंद राहिली तरी अनेक मालकांचं फारसं अडत नव्हतं. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि हजारो घरं उद्ध्वस्त झाली.

याच्या पुढची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. १९८४च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, हेच सामंत दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्या मते करिष्मा यशावर जगतो. नेत्याच्या हाती यश लागेनासं झालं, की अनुयायांची श्रद्धा ओसरते. गिरणगावात तसं घडलं नाही. सर्वस्व गमावलेल्या माणसांनी सामंतांना भरभरून मतं दिली. त्यांचा करिष्मा शाबूत होता. गिरणीमालकांना वाटणारा धाक मात्र गेला होता. धाक करिष्म्यातूनच येत असता, तर हे दोन्ही एका वेळी खरं ठरलं नसतं.

नुसत्या मनगटाची बाजूही तपासायला हवी. १९७१चा महाराष्ट्राचा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा या बाबतीत डोळसपणे लिहिला गेला आहे. संपात नसलेल्या कामगारांना अंगबळाने फाटकावर अडवणं, त्यांना किंवा व्यवस्थापकांना धमकावणं, घेराव घालणं या गोष्टी संघटनेच्या अनुचित प्रथा ठरतात. मालकाच्या यादीतही धमकी आहेच: संघटना काढलीत तर कारखाना बंद करू, असं सांगणं. या दुसऱ्या धमकीला दंडाचे स्नायू लागत नाहीत आणि वक्तृत्वही लागत नाही. नोटीस फलकावरचा एक कागद पुरतो, कारण कुलूप लावण्याची सत्ता त्या कागदामागे असते. वागळे इस्टेटमधले अनेक जुने कारखाने पुढे खरोखरच बंद झाले, काही जागांवर आयटी पार्क आले, आणि ती धमकी आणखी खरी वाटू लागली. कंत्राटी कामगाराला तर ती उच्चारून दाखवावीही लागत नाही.

म्हणून खेळाच्या टेबलावर या वादाचा निकाल लावायचा, तर ताकद की करिष्मा हा पर्यायच सोडून द्यावा. आधी धमकीचं वजन ठरवावं: बोललेलं खरं केलं, तर समोरच्याचं नेमकं किती नुकसान होईल? योद्ध्याची ताकद इथे मोजावी, आणि तिच्याबरोबर त्याच्या मागे उभी असलेली माणसं, त्याच्या हातातली किल्ली, त्याने अडवलेली वाटही मोजावी. मग विश्वास ठरवावा: हा माणूस खरंच तसं करेल, असं वाटतं का? करिष्म्याचा फासा इथे पडावा. शेवटचा फासा १९८१च्या नियमाप्रमाणे भिणाऱ्याच्या धैर्यावर टाकावा. तो टाकण्याआधी खेळ चालवणाऱ्याने त्याची कोठारंही पाहून घ्यावीत. त्यात वर्षभराचं कापड भरलेलं असेल आणि शेजारच्या गावात माग चालू असतील, तर समोर कितीही मोठा वीर उभा असला तरी कोठारवाल्याने माघार घ्यायचं कारण नाही.