देसाई, सिद्धार्थ

देसाई, सिद्धार्थ : महाराष्ट्राचा कबड्डीपटू, चढाईपटू. मूळ गाव हुंदळेवाडी, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. प्रो कबड्डी लीगच्या सहाव्या पर्वात, २०१८ साली, यू मुंबा संघाकडून पदार्पण. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात तेलुगू टायटन्स संघाने १ कोटी ४५ लाख रुपयांची बोली लावून त्याला घेतले व ही बोली त्या वर्षीची सर्वोच्च बोली ठरली. त्याचा बंधू सूरज देसाई हाही चढाईपटू असून सातव्या पर्वात दोघे बंधू एकाच संघातून खेळले. एवढी मोठी रक्कम ज्याच्यावर लावली गेली तो खेळाडू अपेक्षेस उतरला की नाही, हा प्रश्न त्याच्या कारकिर्दीशी कायमचा जोडला गेला असून प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय तोच आहे.

या प्रश्नाचा विचार येथे रायगडच्या किनाऱ्यावरून केला आहे, त्यास कारण आहे. उरणपासून अलिबाग, मुरूडवरून श्रीवर्धनपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात, म्हणजे १९८१ पूर्वी ज्यास कुलाबा जिल्हा म्हणत त्या मुलखात, भाताची कापणी उरकून खाचरे सुकली की आगऱ्यांच्या व कोळ्यांच्या गावोगावी मैदाने आखली जातात. गावाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या मंडळांचे सामने रात्री उशिरापर्यंत चालतात आणि मैदानाच्या कडेला बसलेला वयोवृद्ध प्रेक्षक चढाईपटूची पावले पाहून तो आज किती टिकेल हे अचूक सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या लाँचीने ज्यांचे मुंबईशी पिढ्यान्‌पिढ्या दळणवळण चालत आले, त्या लोकांना मुंबईचा संघ परका वाटत नाही. देसाईचा उदय त्या संघातून झाला. शिवाय सहावे पर्व संपले त्याच जानेवारी २०१९ मध्ये, एप्रिलच्या लिलावास तीनच महिने उरले असता, वरिष्ठ गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा याच जिल्ह्यातील रोहा येथे भरली होती. खेळाडूचे मोल बोलीच्या आकड्यावरून न ठरवता सामन्यातील उपयुक्ततेवरून ठरवण्याची या किनाऱ्याची जुनी रीत या प्रश्नास लावून पाहणे म्हणूनच उचित आहे.

यू मुंबाने २०१८ च्या लिलावात देसाईस ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. विशीच्या उत्तरार्धात, म्हणजे पदार्पणास बऱ्याच उशिराच्या वयात, तो लीगमध्ये उतरला. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी पुणेरी पलटणविरुद्धचा त्याचा पहिलाच सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला, आणि त्यानंतर त्याने जो वेग धरला तो पर्व संपेपर्यंत सोडला नाही. उंच, भारदस्त शरीराचा हा चढाईपटू पळता हात लावून गडी टिपण्यात तरबेज होताच. परंतु दोघातिघांनी मिठी घातली असताही त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत जाण्याची त्याची ताकद पाहणाऱ्यास थक्क करणारी होती. त्या पर्वात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले, उत्कृष्ट नवोदित खेळाडूचा मान पटकावला, आणि यू मुंबाने आपल्या गटात दुसरे स्थान मिळवून बाद फेरी गाठली. तेथे यूपी योद्धाने त्यांना ३४-२९ असे हरवले.

या यशाची चर्चा करताना एक गोष्ट बहुधा बाजूला राहते, आणि तीच सर्व प्रश्नाच्या मुळाशी आहे. कबड्डीत बाद झालेला गडी स्वतःच्या पराक्रमाने मैदानात परतत नाही. त्याच्या सहकाऱ्यांनी प्रतिपक्षाचा गडी टिपला किंवा पकडला, की बाद झाल्याच्या क्रमाने एकेक गडी उठतो. बोनस गुणाने फलकावरचा आकडा वाढतो, पण बाहेर बसलेला गडी उठत नाही. चढाईपटू कितीही समर्थ असला तरी तो दर सामन्यात काही वेळा पकडला जाणारच. त्यानंतर तो किती काळ बाहेर बसून राहील, हे त्याच्या हाती नसून त्याच्या संघाच्या कोपरारक्षकांच्या व मध्यरक्षकांच्या हाती असते. यू मुंबाच्या बचावफळीचा प्रमुख व कर्णधार इराणचा फजल अत्राचली हा होता. त्याच २०१८ च्या लिलावात त्याला १ कोटी रुपयांना घेतले होते, आणि डाव्या कोपऱ्यातून तो जी पकड करी तिच्या बळावर देसाई पुन्हा पुन्हा मैदानात येई. देसाईच्या २१८ गुणांपैकी किती गुण अत्राचलीच्या पकडीने मिळवून दिलेल्या संधीतून आले, याचा हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेत नाही. आणि लिलावात बसलेल्या माणसांसमोर केवळ गुणपत्रिकाच असते.

तेलुगू टायटन्सने एप्रिल २०१९ मध्ये जे विकत घेतले ते त्या गुणपत्रिकेतील देसाईचे नाव. ज्या व्यवस्थेत ते गुण मिळाले ती व्यवस्था मुंबईतच राहिली. यू मुंबाचे प्रशिक्षक घोलमरेझा माझंदरानी हेही टायटन्सकडे गेले खरे, पण प्रशिक्षकाच्या येण्याने कोपरे भक्कम होत नाहीत. २० जुलै २०१९ रोजी हैदराबादेत सातव्या पर्वाचा आरंभच टायटन्स विरुद्ध यू मुंबा या सामन्याने झाला आणि देसाईच्या नव्या संघास त्याच्या जुन्या संघाने ३१-२५ असे हरवले. पुढे पर्वभर तेच चित्र राहिले. देसाईने चढाईचे २१७ गुण मिळवले, म्हणजे आदल्या पर्वापेक्षा केवळ एक गुण कमी. तेलुगू प्रेक्षकांनी त्यास ‘बाहुबली’ हे चित्रपटातील नाव बहाल केले. आणि संघ बारा संघांत अकराव्या स्थानी राहिला. यू मुंबाची कहाणी याच्या उलट झाली. देसाईविना, परंतु अत्राचलीसह, तो संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. देसाई असता तो जेथवर गेला होता त्याच्या एक पायरी पुढे. ज्यास खेळाडूची किंमत व संघाचे भाग्य यांचा संबंध तपासायचा असेल त्याने २०१८ व २०१९ या दोन वर्षांचे हे निकाल एका कागदावर मांडून पाहावेत. याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

सातव्या पर्वातील देसाईस अपेशी म्हणणे हा अन्याय आहे, असे या नोंदीचे मत आहे. १ कोटी ४५ लाखांच्या मोबदल्यात जे मागता येते ते, म्हणजे चढाईचे गुण, त्याने दिले. जे मागता येत नाही ते, म्हणजे सात जणांच्या संघाचा विजय, त्याच्याकडून मागितले गेले. चढाईत गुण न मिळता दोन फेऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, अन्यथा गडी बाद, हा लीगचा नियम अशा संघाच्या प्रमुख चढाईपटूवर अधिकच कठोर होऊन कोसळतो. कारण त्याचे सहकारी रिकाम्या हाताने परतले की ती निर्वाणीची चढाई प्रत्येक वेळी त्याच्याच वाट्यास येते, आणि समोरचे सात जण तो येणार हे जाणून पाय रोवून उभे असतात.

यानंतरचा उतार मात्र नाकारता येत नाही. करोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये लीग झाली नाही. आठव्या पर्वासाठी टायटन्सने देसाईस १ कोटी ३० लाख रुपयांस पुन्हा घेतले. परंतु मोजक्याच सामन्यांनंतर दुखापतीने त्यास बाहेर बसावे लागले आणि त्या संघाने साऱ्या पर्वात एकच सामना जिंकला. पुढील लिलावात त्याची बोली लाखांच्या घरात उतरली. तो टायटन्सकडेच राहिला व संघ पुन्हा तळाशी गेला. ज्याचा खेळ शरीराच्या बळावर उभा आहे, अशा चढाईपटूस दुखापत जितकी महाग पडते तितकी पायांच्या चपळाईवर व बोनसवर जगणाऱ्यास पडत नाही. रायगडच्या मातीवर खेळणारे जुने खेळाडू तरुणांस मिठीतून ओढत येण्याऐवजी मिठीच पडू न देण्याचा उपदेश करतात, तो याच अनुभवातून.

लिलावाचा हा अनुभव एकट्या देसाईचा नाही. २०१८ मध्ये १ कोटी ५१ लाखांची सर्वोच्च बोली मिळालेला मोनू गोयत हरियाणा स्टीलर्सकडे गेला व तो संघ आपल्या गटात शेवटचा राहिला. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतसाठी सव्वादोन कोटींहून अधिक रक्कम मोजली, तो पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून पर्वाबाहेर गेला, आणि तो संघ त्याच्याविना प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. दुसऱ्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच पवनला २ कोटी ६० लाखांहून अधिक देऊन आणले. तो उत्तम खेळला, संघ तळाशीच राहिला. दूरदेशीचे उदाहरण घ्यावयाचे तर अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये नवोदितांची निवड करताना पहिला हक्क आदल्या वर्षीच्या सर्वांत दुबळ्या संघास असतो, म्हणजे सर्वोच्च निवडीचा तरुण बहुधा सर्वांत मोडकळीस आलेल्या संघातच जातो. २००७ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला जमार्कस रसेल तीन हंगामांत संपला आणि २००० मध्ये १९९व्या क्रमांकाने निवडलेला टॉम ब्रेडी सात वेळा विजेतेपदाचा मानकरी झाला. रसेलचे अपयश पुष्कळसे त्याचे स्वतःचे होते. देसाईचे तसे नव्हते, हा भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे.

दहाव्या पर्वासाठी हरियाणा स्टीलर्सने देसाईस १ कोटी रुपयांना घेतले. तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणकडून २८-२५ असा हरला. पुण्याचा विजयी कर्णधार तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार हा होता. या संघाने मोठ्या बोलीबरोबरच तरुण खेळाडूंना वर्षानुवर्षे एकत्र वाढवण्याचा मार्ग धरला होता, आणि त्याचे फळ त्यास मिळाले. स्टीलर्सच्या या वाटचालीत देसाई हा एकमेव आधार नव्हता, अनेकांपैकी एक होता. त्याच्या लीगमधील कारकिर्दीत संघ अंतिम फेरीत पोहोचला तो या स्थितीत.

देसाईविषयीचा निर्णय असा द्यावा लागतो : पहिल्या दोन पर्वांत तो अपेक्षेस पुरेपूर उतरला, नंतरच्या दोन पर्वांत उतरला नाही, आणि त्या दोहोंतही टायटन्सच्या पराभवाचा मुख्य भार त्याच्यावर टाकणे योग्य नाही. रायगडच्या किनाऱ्यावर गावोगावी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांस व त्यांच्या गुणलेखकांस यानिमित्ताने एक विनंती करावीशी वाटते. गुणपत्रिकेत प्रत्येक चढाईपटूच्या गुणांशेजारी तो किती वेळ बाहेर बसला आणि कोणाच्या पकडीने उठला, याचाही एक रकाना असावा. पेणच्या किंवा मुरूडच्या एखाद्या मुलाचे नाव उद्या लिलावात पुकारले जाईल, तेव्हा त्याची किंमत ठरवणाऱ्यांपुढे हा दुसरा आकडाही असला पाहिजे.