'स्टिल गॉट द ब्लूज'चं पॅरिसचं आजोळ

बेलफास्टच्या गॅरी मूरने हार्ड रॉक बाजूला ठेवून १९९० साली 'स्टिल गॉट द ब्लूज' हा एकल अल्बम काढला. अल्बर्ट किंग आणि अल्बर्ट कॉलिन्स त्यात स्वतः वाजवायला आले. इथवरची वंशावळ सरळ अमेरिकन ब्लूजला जाऊन मिळते. शीर्षकगीत मात्र त्या कुळातलं नाहीच.

बारा बारचा ब्लूज सा, म, प या तीन स्वरांवरच्या कॉर्ड्‌सवर उभा असतो. या गाण्यात कॉर्ड्‌सचे मूळ स्वर रे-प-सा-म-नी-ग-ध असे उतरतात. पेटीवर पांढरी एकला षड्ज मानून वाजवून पाहा: म ते नी ही तीव्र मध्यमाची उडी सोडली, तर प्रत्येक स्वर आधीच्याचा शुद्ध मध्यम. आता 'ऑटम लीव्ह्‌ज' वाजवा. हीच साखळी, याच क्रमाने! ती चाल मूळची 'ले फय मोर्त', हंगेरीत जन्मलेल्या जोसेफ कोस्माने पॅरिसमध्ये बांधलेली. १९४६च्या एका फ्रेंच चित्रपटातून ती पुढे आली.

मूरचं आधीचं गाजलेलं गाणं होतं १९७८चं 'पॅरिसिएन वॉकवेज'. त्यातही हीच उतरंड आहे. काही जण त्याचं मूळ केनी डॉरमच्या 'ब्लू बोसा'त शोधतात. सुरावटीच्या एखाद्या वळणापुरतं ते मान्य, पण सात पायऱ्यांची ही सलग साखळी 'ब्लू बोसा'त नाही. शीर्षकात पॅरिस उगाच आलेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा दावेदार जास्त जबर. 'जड्‌स गॅलरी' या जर्मन बँडचं 'नॉर्ड्राख' हे गाणं १९७४चं. 'स्टिल गॉट द ब्लूज'मधला गिटार सोलो त्यावरूनच घेतला आहे, असा निकाल म्युनिकच्या न्यायालयाने २००८ साली दिला. आपण ते गाणं ऐकलंच नव्हतं, असं मूरचं म्हणणं. ते रेडिओवर किंवा कार्यक्रमात कानावर पडलं असू शकतं, असं न्यायालयाचं. एका साखळीवरून अनेक सुरावटी निघतात, त्यामुळे केवळ साखळी दाखवून तो निकाल खोडता येत नाही. पण तीच साखळी मूरच्या हातात या गाण्याच्या बारा वर्षं आधीपासून होती आणि उतरत्या कॉर्ड्‌सवर गाती चाल बांधणारा वादक त्याच त्या स्वरांवर विसावतो. म्हणून साम्याचं कारण मी नॉर्ड्राखपेक्षा कोस्माच्या पॅरिसमध्ये शोधतो.

मग यात ब्लूज कुठे? तार ओढून घेतलेल्या मींडेत, लांबवलेल्या स्वराच्या कंपात. सांगाडा पॅरिसचा, गळा ब्लूजचा. मूरची थोरवी त्या जोडणीत आहे.